कलांचोला हवी रात्र

मुळशी तालुक्यातील मौजे माण येथील ज्या शिवारात आज माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेरी इमारती आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या वसाहती उभ्या आहेत, तेथील सदनिकांच्या गॅलरीत हिवाळ्यात रोपवाटिकेतून आणलेले, लाल वा केशरी फुलांच्या गुच्छांनी लदलेले मांसल पानांचे एक रोप हटकून दृष्टीस पडते. आणि पुढच्या हिवाळ्यात तेच रोप, पाने तुकतुकीत असूनही, एकाही कळीविना उभे असते. खत कमी पडले असावे, असा तर्क बहुतेक जण करतात. माझ्या मते खताला बिलाकसूर दोष दिला जातो. रोपाला रात्रच मिळालेली नसते.

हे रोप म्हणजे कलांचो, आपल्या पानफुटीच्याच प्रजातीतले. पाने समोरासमोर, जाड, कडांना उथळ गोलसर खाचा, आणि चिमुकल्या फुलाला नेमक्या चार पाकळ्या. पानफुटीची फुले खाली लोंबतात, कलांचोची आकाशाकडे तोंड करून उमलतात. शिवाय पानफुटीप्रमाणे याच्या पानांच्या कडेला पिले फुटत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही. दाट, बहुदली फुलांची जात ही मनुष्याच्या हौसेची निर्मिती. मला चार पाकळ्यांचेच फूल अधिक देखणे वाटते. मूळच्या मादागास्करच्या या वनस्पतीला पोट्सडॅमच्या रोबर्ट ब्लॉसफेल्ड या बीजव्यापाऱ्याने १९३२ च्या सुमारास युरोपच्या बाजारात आणले, आणि तिच्या शास्त्रीय नामात त्याचे नाव कायम झाले.

कळी धरण्यासाठी या रोपाला सुमारे सहा आठवडे दररोज अखंड दीर्घ काळोख लागतो. आपल्या अक्षांशावर ऑक्टोबरपासून रात्र दिवसाहून मोठी होते आणि डिसेंबरात १३ तासांवर जाते, म्हणजे निसर्गाने आपला बंदोबस्त चोख ठेवलेला आहे. परंतु रात्रपाळीच्या या परिसरात पहाटेपर्यंत जळणारा गॅलरीतला दिवा तो मोडून काढतो, कारण मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी रोपाच्या लेखी ती रात्र फुकट जाते. यास्तव ऑक्टोबर-नोव्हेंबरात सायंकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे आणि सकाळी आठला काढून रोप भरपूर उजेडात ठेवावे. कळ्या स्पष्ट दिसू लागल्या की खोक्याची गरज संपते.

रात्रीशी या कुळाचे नाते आणखीही एका परीने आहे. मद्रास इलाख्यात राहिलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नोंदवले की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत बेचव होते. पाण्याची बचत व्हावी म्हणून ही झाडे पर्णरंध्रे रात्री उघडून कर्बवायू आम्लरूपाने साठवतात आणि दिवसा तो वापरतात, हा उलगडा पुढे झाला.

असे काटकसरी रोप तहानेने क्वचितच मरते. पोयटा, भरड वाळू आणि थोडे शेणखत अशी निचऱ्याची माती असावी; बोट खुपसून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पश्चिमेकडून झड येणाऱ्या आषाढ-श्रावणात कुंडी आडोशाला घ्यावी, एरवी देठ बुडापासून कुजतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटात बुडवलेल्या बोळ्याने पुसावा. फुले वाळली की दांडे छाटावेत. शेंड्याची कांडी दोन दिवस सावलीत सुकवून लावल्यास सहज रुजते. घरी मांजर वा कुत्रे असेल तर मात्र कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण या वनस्पतीतील विषद्रव्ये पोटात गेल्यास त्यांच्या हृदयावर परिणाम करतात.