आंतड्याच्या कर्करोगाची चाल

मोठ्या आंतड्याचा कर्करोग एकाएकीं झडप घालतो, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु बहुधा तो पायरीपायरीनें चढत येतो. एरिक फिअरन व बर्ट व्होगेलस्टाइन यांनीं १९९० सालीं ही उपपत्ति मांडली.

आंतड्याच्या अस्तरांतील पेशी थोड्याच दिवसांत झडतात व नव्या उपजतात. या वाढीस आवर घालणारें ‘एपीसी’ जनुक पुष्कळदां प्रथम बिघडतें. मग बीटा-कॅटेनिन हें प्रथिन पेशींत सांचतें आणि विभाजनाचा हुकूम सुटत राहतो. त्यांतून लहानसा मांसांकुर, म्हणजे पॉलिप, उगवतो. पुढें ‘केरास’ जनुक बिघडलें, कीं वाढीस जोर चढतो. शेवटीं ‘पी-५३’ हा पहारेकरी पडला, म्हणजे सदोष पेशींना अडविणारें कोणी उरत नाहीं व अंकुराचा कर्करोग होतो.

या वाटचालीस बहुधा दहा वर्षें किंवा अधिक लागतात. हा अवधि आपल्या पथ्यावर पडणारा आहे. दुर्बिणीनें आंतडें तपासून अंकुर वेळींच काढला, तर त्याची पुढची वाट खुंटते. म्हणून शौचावाटे रक्त दिसल्यास मूळव्याध समजून गप्प बसूं नये. संकोच सोडून वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी.