गुडघा टेकून वाजवलेले ड्रम

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात प्रत्येकी चार मात्रांच्या बारा खंडांचे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि गायकाच्या मागे राहून ते सांभाळण्याचे काम ड्रमरकडे असते. नर्सी नामदेवच्या भजनांत पखवाजाची साथ ऐकत आलेल्या हिंगोलीकरांना ही जबाबदारी वेगळी समजावून सांगायला नको. याच ब्लूजच्या आधाराने जॅझ वाढले, आणि जॅझमध्ये ज्या मुंबईकर ड्रमरने जगभर नाव कमावले ते त्रिलोक गुर्टू होत.

1951 मध्ये जन्मलेले गुर्टू हे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. त्यांच्या हाताला तबला आधी लागला, ड्रम नंतर आले, आणि हा क्रम त्यांच्या वादनात आजही लपत नाही. ड्रमर सहसा स्टुलावर बसतो. गुर्टू मात्र जमिनीवर गुडघा टेकून, तबला आणि ड्रम एकत्र मांडून वाजवतात, आणि मध्येच घणघणणारी चिनी थाळी पाण्याच्या बादलीत बुडवतात, त्यासरशी तिचा स्वर खाली घसरतो. ही नुसती करामत नव्हे. ब्लूजचा गिटारवादक तार ओढून स्वर वाकवतो, त्याच जातीचे हे काम आहे.

‘ओरेगॉन’ या वाद्यवृंदाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट यांच्या 1984 मधील अपघाती निधनानंतर गुर्टू त्या वृंदात आले, पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रयीत वाजवू लागले, आणि 1988 च्या ‘उस्फ्रेत’ या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत त्यांनी आईलाच गायला बसवले.