ग्रामीण घरातील स्वयंचलित प्रकाशयोजना : दोषशोधनाचा क्रम
(विशेष संदर्भ : बोरी बुद्रुक व जुन्नर परिसर)

सारांश

मोबाइलवरून, ठरलेल्या वेळी किंवा आवाजाने घरातील दिवे लावण्याची सोय आता शहरापुरती मर्यादित राहिलेली नाही. मात्र अशी व्यवस्था बंद पडली की दोष नेमका कोठे आहे हे कळत नाही. परिणामी चांगली उपकरणे टाकून दिली जातात अथवा घर अंधारात राहते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे वीज, संपर्क, कार्यक्रम आणि वाणी असे चार स्तर कल्पून दोषशोधनाचा क्रम स्पष्ट केला आहे. जुन्नर परिसरात अंगणातील दिवा ही चैनीची बाब नाही. त्यामुळे भिंतीवरील बटण कायम राखण्याची आवश्यकताही येथे प्रतिपादन केली आहे.

बीजसंज्ञा : स्वयंचलित प्रकाशयोजना, दोषशोधन, वाणी-आज्ञा, ग्रामीण वीजपुरवठा, जुन्नर

१. प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडी नदीकाठचे गाव तेथील ज्वालामुखीय राखेच्या थरांमुळे व अश्मयुगीन हत्यारांमुळे भूशास्त्र आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे या परिसरात ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडात बिबट्याला आसरा मिळाला. गावठाण सोडून मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांच्या दारापर्यंत त्याचा वावर आहे. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र ही या प्रश्नाच्या व्याप्तीची खूण होय. गोठ्यातील जनावर ओरडले म्हणून रात्री दार उघडणाऱ्या माणसाला पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी अंगण दिसणे आवश्यक असते. दिव्यामुळे बिबट्या येणारच नाही अशी हमी देता येत नाही. तथापि तो आला असल्यास दिसतो, हेही कमी नाही.

या परिसराला दूरनियंत्रणाची ओळख प्रथम दिव्यामुळे नव्हे, तर शेतीपंपामुळे झाली. शेतीला थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत असल्याने रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला विहिरीवर जावे लागे. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. त्यापूर्वीच मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे स्टार्टर बाजारात आले होते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाला २००९ मध्ये नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. या उपकरणाचा एक गुण लक्षणीय आहे. ते केवळ आज्ञा स्वीकारत नाही. पंपाजवळ वीज आहे का आणि पंप चालू झाला का, हेही फोनवर कळवते. आज्ञा देणे आणि आज्ञा पाळली गेल्याची खात्री होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील दिव्यांच्या दोषशोधनातही हाच भेद मूलभूत ठरतो.

२. व्यवस्थेचे चार स्तर

स्वयंचलित प्रकाशयोजनेची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-१०’ ही पद्धती विकसित केली. तीत घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवला जाई आणि २५६ उपकरणांना स्वतंत्र क्रमांक देता येत. तारांमधील विद्युत-गोंगाटामुळे संदेश हरवणे हा तिचा नित्याचा दोष होता. पुढे बिनतारी पद्धती आल्या. दोष गेले नाहीत, त्यांची जागा बदलली.

आज एखाद्या वस्तीवर ‘अंगणातला दिवा लाव’ असे म्हटल्यावर काय घडते ते पाहिले असता चार स्तर स्पष्ट होतात. बोललेले शब्द स्पीकर अथवा फोन टिपतो आणि बहुतेक व्यवस्थांत ते इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकाकडे जातात. तेथे आवाजाचे अक्षरांत रूपांतर होऊन ‘अंगण’ नावाचे उपकरण शोधले जाते : हा वाणीचा स्तर. त्या उपकरणाने कोणत्या वेळी व कोणत्या अटीवर काय करावे, हे कार्यक्रमाच्या स्तरावर ठरते. निर्णय राउटरमार्फत बटणापर्यंत पोचवणे हे संपर्काचे काम. शेवटी बटणामागील तारांतून दिव्याला वीज मिळते : हा वीजस्तर. वरचा प्रत्येक स्तर खालच्या स्तरावर अवलंबून असतो. दोष मात्र सर्वांत वर, म्हणजे वाणीत, प्रकट होतो. त्यामुळे घरातील मंडळी प्रथम स्पीकरवर ओरडतात, मग ॲप काढून पुन्हा घालतात आणि शेवटी वायरमनला बोलावतात. शास्त्रीय क्रम याच्या नेमका उलट आहे.

३. वीजस्तरावरील दोष

घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा असावा अशी अपेक्षा असते. वस्तीवर डीपी दूर असल्यास लांब तारेमुळे व्होल्टेज घटते; एखादी फेज उडणे ही तर परिचित बाब आहे. सर्वांत घातक दोष म्हणजे न्यूट्रल तुटणे. थ्री-फेज जोडणीत तो तुटला की कमी भाराच्या फेजवरील व्होल्टेज २३० च्या बरेच वर, थेट ४०० च्या दिशेने जाऊ शकते आणि इलेक्ट्रॉनिक बटणे व एलईडी दिवे एकाच वेळी जळतात. अनेक उपकरणे एकदम निकामी झाल्यास उपकरणांच्या दर्जाला दोष देण्यापूर्वी न्यूट्रल तपासणे इष्ट.

दुसरा दोष त्रासदायक असला तरी समजण्यास सोपा आहे. बटण बंद असूनही एलईडी मंद तेवत राहतो किंवा लुकलुकतो. जुन्या बांधकामात बटणाच्या पेटीपर्यंत पुष्कळदा केवळ फेजची तार आणलेली असते. न्यूट्रलविना चालणारे स्मार्ट बटण स्वतः जागे राहण्यासाठी दिव्यातूनच सूक्ष्म प्रवाह घेते. जुन्या पिवळ्या बल्बला तो जाणवत नसे; एलईडीला जाणवतो. दिव्याच्या दोन्ही टोकांना समांतर असा योग्य धारक (कपॅसिटर) जोडणे किंवा पेटीपर्यंत न्यूट्रल नेणे हे यावरील उपाय आहेत. मात्र बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले असल्यासही दिवा तेवतो. ही चूक जिवावर बेतू शकते, कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो. म्हणून हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या बटणावर त्या प्रकारचा नसलेला एलईडी लावला तरी लुकलुक होते. तेथे दिवाच बदलावा लागतो.

४. संपर्कस्तरावरील दोष

बहुसंख्य स्मार्ट बल्ब व बटणे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरच चालतात. राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत असल्यास नवे उपकरण जोडताना गोंधळ होतो. जोडणीपुरता ५ चा पट्टा बंद ठेवणे हा सोपा उपाय आहे. राउटरचा पासवर्ड बदलला की सर्व दिवे एकाच वेळी ‘हरवतात’, याचाही अनेकांना विसर पडतो. राउटर माजघरात आणि दिवा गोठ्यावर असेल, तर मधली दगडी भिंत व पत्र्याचे छप्पर संदेश अडवतात. ‘झिगबी’ पद्धतीत विजेवर चालणारी उपकरणे एकमेकांचे संदेश पुढे पोचवतात. त्यांपैकी मधलेच एक कोणी भिंतीवरून बंद केले की पलीकडची साखळी तुटते.

भारनियमनाच्या काळात आणखी एक दोष आढळतो. दिवे इन्व्हर्टरवर असतात, राउटर नसतो. वीज गेली की दिव्याला वीज मिळते, पण आज्ञा मिळत नाही. राउटरलाही इन्व्हर्टरची जोडणी दिल्यास हा प्रश्न बव्हंशी सुटतो. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या व्यवस्थेत रिचार्ज संपणे हेही दोषाचे एक नेहमीचे कारण असते.

येथे एका स्थानिक बाबीची नोंद उचित ठरेल. याच तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या या यंत्रणेला ठिणग्या टाकणारे सैल जोड व सदोष विद्युत उपकरणे यांचा उपद्रव होऊ शकतो. दिव्याच्या सर्किटमधील सैल जोड दुरुस्त करणे हे घराच्या सुरक्षिततेइतकेच परिसरातील विज्ञानकार्याच्याही हिताचे आहे.

५. कार्यक्रमस्तरावरील दोष

दिवा ॲपवरून लागतो, परंतु ठरल्या वेळी लागत नाही, असे असल्यास दोष कार्यक्रमात आहे. पहिली शंका घड्याळाची घ्यावी. उपकरणाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर राहिले तर ते भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते आणि सायंकाळी ७ चा दिवा रात्री साडेबाराला लागतो. दुसरी शंका ऋतूची. जुन्नर परिसरात डिसेंबरमध्ये सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास. उन्हाळ्यात ७ ही वेळ ठरवून दिलेला दिवा हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जवळजवळ तासभर लागत नाही. म्हणून घड्याळाऐवजी सूर्यास्ताशी बांधलेला कार्यक्रम ठेवावा आणि ॲपमध्ये गावाचे स्थान बरोबर नोंदले आहे का, हे पाहावे.

तिसरी शंका वीज परत आल्यानंतरच्या स्थितीची. सूर्यास्ताच्या क्षणी वीज नसेल, तर बहुतेक साध्या व्यवस्था चुकलेली आज्ञा नंतर पाळत नाहीत. वीज आल्यावर दिवा चालू व्हावा, बंद राहावा की पूर्वस्थितीत यावा, याची निवड अनेक उपकरणांत असते. अंगणातील दिव्यासाठी ‘चालू’ हीच निवड योग्य होय.

संवेदकांचेही काही ठरावीक दोष आहेत. उजेड ओळखणारा संवेदक दिव्यासमोरच बसवला असेल, तर दिवा लागताच त्याला सकाळ झाल्यासारखे वाटते; तो दिवा बंद करतो आणि अंधार होताच पुन्हा लावतो. हालचाल ओळखणारा संवेदक प्रत्यक्षात उष्णतेतील बदल टिपतो. त्यामुळे उन्हाळ्यात परिसराचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ आले की त्याची क्षमता घटते. कुत्रे, गाय आणि बिबट्या यांत तो भेद करत नाही, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी.

६. वाणीस्तरावरील दोष

खालचे तिन्ही स्तर निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच वाणीकडे वळावे. गूगल असिस्टंटने २०१८ मध्ये फोनवर मराठी उपलब्ध करून दिली. ॲमेझॉनच्या अलेक्साने २०१९ मध्ये हिंदी स्वीकारली. साहजिकच अनेक मराठी घरांत हिंदी वा इंग्रजीवर बेतलेल्या स्पीकरशी बोलावे लागते. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. त्यामुळे ‘माळा’ हे खोलीचे नाव ‘माला’ असे ऐकले जाण्याचा संभव असतो. ‘ओटा’, ‘पडवी’, ‘गोठा’ ही नावे इंग्रजीच्या अपेक्षेने ऐकणाऱ्या यंत्राला अनोळखी असतात. उपकरणांना एकमेकांपासून स्पष्ट वेगळी आणि त्या यंत्राच्या भाषेला मानवणारी नावे देणे हा यावरील व्यवहार्य उपाय होय.

क्रियापदांची विविधता ही दुसरी अडचण. मराठीत दिवा लावतात, पेटवतात, घालवतात, मालवतात. ‘दिवा विझव’ म्हणणे अशुभ मानणाऱ्या घरात आजी ‘दिवा शांत कर’ म्हणते. यंत्राला मात्र ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच ठाऊक असण्याचा संभव अधिक. घरात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या शब्दप्रयोगांची यादी करून ते ॲपमध्ये स्वतंत्र आज्ञा म्हणून नोंदवता येतात. वयोवृद्धांनी यंत्रासाठी आपली भाषा बदलावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमासारख्या प्रयत्नांचे महत्त्व या संदर्भात लक्षात येते.

७. दोषशोधनाचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचवता येतो.

(१) भिंतीवरील बटणाने दिवा लावून पाहावा. लागत नसल्यास दोष वीजस्तरावर आहे. ॲपला हात लावू नये.
(२) घरच्या वाय-फायवर राहून ॲपमधून लावावा. लागत नसल्यास राउटर, पासवर्ड व अंतर तपासावे.
(३) फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून लावावा. आता लागत नसल्यास घराची इंटरनेट जोडणी किंवा कंपनीची सेवा बंद आहे.
(४) पाच मिनिटांनंतरची वेळ देऊन एक तात्पुरता कार्यक्रम करावा. तो चालत नसल्यास घड्याळ व स्थान तपासावे.
(५) शेवटी वाणी-आज्ञा द्यावी आणि यंत्राने काय ऐकले, याची ॲपमधील नोंद वाचावी.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहून ठेवावा. अनेक बदल एकदम केल्यास दिवा लागतो, परंतु कशामुळे लागला हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवल्यास शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

८. भिंतीवरील बटणाचे स्थान

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले. ग्राहकांच्या फोनवरील नियंत्रण व वाणी-आज्ञा एकाएकी थांबल्या; भिंतीवरील बटणे मात्र चालत राहिली. जूनमध्ये ग्राहकांच्याच एका गटाने कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅटर’ या मानकात घरातल्या घरात, इंटरनेटविना, नियंत्रण चालावे यावर भर आहे. दोन्ही घटनांचा बोध एकच : वरचा स्तर कोसळला तरी खालचा चालत राहिला पाहिजे.

काही घरांत स्मार्ट बल्ब बसवल्यावर बटणावर चिकटपट्टी लावतात, कारण कोणी बटण बंद केले की बल्ब आज्ञा घेत नाही. सोयीसाठी केलेला हा उपाय मळ्यातील वस्तीवर धोक्याचा ठरतो. नेटवर्क नसलेल्या रात्री घरात एकटी असलेली वृद्ध स्त्री त्या चिकटपट्टीपुढे असहाय होते. अशा ठिकाणी स्मार्ट बल्बऐवजी भिंतीतील स्मार्ट बटण निवडावे. ते हातानेही चालते आणि आज्ञेनेही.

९. निष्कर्ष

स्वयंचलित प्रकाशयोजनेतील दोष वाणीत प्रकट होत असले तरी त्यांचा शोध तारेपासून सुरू करावा. अनियमित वीज, लांब अंतरे आणि मराठीची स्वतःची शब्दसंपदा यांमुळे ग्रामीण घरातील दोषांचे स्वरूप उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत गृहीत धरलेल्या घरापेक्षा वेगळे असते. पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र व भाषा या विभागांना विद्यार्थ्यांकडून एकत्रितपणे करून घेता येईल असा हा प्रकल्पविषय आहे : एकाने तार तपासावी, दुसऱ्याने कार्यक्रम, तिसऱ्याने घरातील बोली. परिसरातील महाविद्यालयांनी असे प्रकल्प हाती घेतल्यास वस्तीवरील कुटुंबांना दुरुस्तीसाठी शहराकडे पाहावे लागणार नाही. व्यवस्था कितीही प्रगत असो, दाराशेजारी हात पोचेल अशा उंचीवर एक चालते बटण असावे, ही तिची किमान अट होय.