सुट्टी घरातल्या सगळ्यांची

परीक्षा संपल्या की घराघरांत एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? मुलांना बर्फ हवा असतो, तरुणांना फोटो हवे असतात, अब्बांना खर्च आटोक्यात हवा असतो. दादी म्हणतात, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." अम्मीला तर कोणी विचारतही नाही. ती जिथे जाईल तिथे चहा, कपडे, औषधे आणि धाकट्याचे दूध तिच्याच अंगावर असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते.

डोंगर आणि तलाव एकत्र असलेली सुंदर ठिकाणे आपल्या देशात भरपूर आहेत. परंतु सगळ्यात सुंदर ठिकाण कोणते, हा प्रश्न घरच्या सहलीसाठी फारसा उपयोगाचा नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. घरात सगळ्यात कमी कोण चालू शकते? आणि सगळ्यात जास्त कोण राबते? या दोन माणसांना जिथे आराम मिळेल, ती जागा बाकीच्यांना चालतेच. उलटे मात्र होत नाही.

आधी मश्विरा, मग बुकिंग

एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसावे. दादी किती पायऱ्या चढू शकतात, गाडीत सलग किती तास बसू शकतात, कोणाला दमा किंवा रक्तदाब आहे, घाटात कोणाला उलट्या होतात, हे मोकळेपणाने बोलावे. सून असो वा मुलगी, तिला काय हवे ते तिच्याच तोंडून ऐकावे. "स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ, स्वस्त पडेल," असे पुरुष सहज म्हणतात. ते खरेही असते. पण मग पाच दिवस तिथेही तिने चूलच सांभाळायची का? निदान दोन वेळचे जेवण बाहेरचे, एवढे तरी आधी ठरवावे. तेवढ्यासाठी एखादा दिवस कमी राहावे लागले तरी चालेल.

पैशांची मर्यादाही याच बैठकीत सांगून टाकावी. प्रवास, खोली, जेवण, तिथली गाडी आणि अडीअडचणीसाठी राखीव रक्कम असे पाच भाग करावेत. शेजारी काश्मीरला गेले म्हणून कर्ज काढून आपणही जायचे, यात ना शहाणपण ना समाधान. हप्ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फेडावे लागतात.

तारखा ठरवताना चांद्र महिन्यांचे कॅलेंडर समोर ठेवा. बकरी ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सध्या ती मेच्या सुट्टीतच येते आहे. कुर्बानी, पाहुणे आणि सहल एकाच आठवड्यात कोंबली, तर त्याचा भार पुन्हा घरच्या बायकांवरच पडतो. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होते. म्हणजे मेच्या सहलीचा निर्णय मार्चमध्येच व्हायला हवा.

गारवा किती, ते उंची सांगते

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी गार होते. हा एक हिशेब लक्षात ठेवला की जाहिरातीतल्या फोटोंना भुलायला होत नाही. भंडारदरा सुमारे 750 मीटरवर आहे; मेमध्ये तिथे दुपारी ऊन लागणारच. चिखलदरा सुमारे 1,100, महाबळेश्वर सुमारे 1,370, नैनितालचा तलाव सुमारे 1,940, उटी सुमारे 2,240 आणि गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे.

मात्र जितके उंच तितके चांगले, असेही नाही. साधारण 2,500 मीटरच्या वर काहींना विरळ हवेमुळे डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. हृदयविकार, दमा किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडचा बेत करू नये.

घराजवळचे पर्याय

दोन-तीन दिवसच हातात असतील, तर महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. महाबळेश्वर-पाचगणी पुण्याहून सुमारे 120 किलोमीटर आहे. कोकणातल्या मंडळींना पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर जाता येते. वेण्णा तलाव साताऱ्याच्या राजघराण्याने 1842 साली बांधून घेतला. त्याच्या काठी दादींना बाकावर बसून मुलांची नौका पाहता येते, हीच या जागेची मोठी सोय. पाचगणीचे टेबल लँड सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही थोडे फिरता येते. अडचण गर्दीची. मेच्या शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. सोमवारी जाऊन गुरुवारी परतावे. खोलीही बऱ्याचदा स्वस्त मिळते.

भंडारदऱ्याला प्रवरेवरचे विल्सन धरण आहे. ते 1926 साली पूर्ण झाले. कळसूबाई, महाराष्ट्राचे 1,646 मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर, जवळच आहे. पण फोटोतला काठोकाठ भरलेला जलाशय पावसाळ्यानंतरचा असतो. मेपर्यंत शेतीसाठी पाणी सोडलेले असते आणि काठ उघडे पडलेले असतात. मेच्या अखेरीस झाडांवर काजवे चमकू लागतात, ते मात्र मुलांना जरूर दाखवावे. झाडांवर विजेरीचे झोत मारू नयेत आणि गाडीचे दिवे विझवावेत; प्रकाशाने काजवे बिथरतात.

विदर्भातल्या कुटुंबांना चिखलदरा जवळचे. शक्कर तलावावर संध्याकाळ घालवावी आणि गाविलगड मुलांना दाखवावा. बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळात पंधराव्या शतकात तो बांधला गेला. पुढे अचलपूरच्या इमादशाहीने तो वाढवला. किल्ल्यातली जुनी मशीद आजही पाहायला मिळते. किल्ल्यावर चालावे लागते, म्हणून सकाळच्या उन्हाआधी जावे आणि दादींसोबत एकाने तलावाकाठीच थांबावे. मराठवाड्यातल्यांना खुलताबादजवळचे म्हैसमाळ आणि खानदेशातल्यांना यशवंत तलावाचे तोरणमाळ ही कमी खर्चाची ठिकाणे आहेत.

नैनिताल : तलावांचा मुलूख

आठवडाभर वेळ असेल तर उत्तराखंडातल्या नैनितालचा विचार करावा. दिल्लीहून काठगोदामपर्यंत थेट रेल्वे आहे. पुढे घाटाचा रस्ता सुमारे 35 किलोमीटर. तलावाच्या एका टोकाला तल्लीताल, दुसऱ्या टोकाला मल्लीताल; मधला रस्ता तलावाला धरून जवळजवळ सपाट आहे. मल्लीतालला इंग्रजांच्या काळातली जामा मशीद आहे.

मे-जूनमध्ये मात्र दिल्लीकरांची झुंबड उडते आणि बाहेरच्या गाड्या शहराबाहेर अडवल्या जातात. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर भीमताल, सातताल किंवा नौकुचियातालला मुक्काम करून एक दिवस नैनिताल पाहून यावे. भीमताल थोडे कमी उंचीवर आहे, पण शांत आहे. हॉटेल निवडताना रस्त्यापासून किती पायऱ्या आहेत, हे फोनवर विचारून घ्या. डोंगरातले "तलावाचे दृश्य दिसणारे" हॉटेल अनेकदा साठ-सत्तर पायऱ्यांवर असते.

काश्मीर : मन ओढते तेव्हा

आपल्या घरांत काश्मीरची ओढ जुनी. दल सरोवराच्या काठची हजरतबल दर्गाह, झेलमकाठची खानकाह-ए-मौला आणि देवदाराच्या 378 खांबांवर उभी असलेली श्रीनगरची जामा मशीद पाहण्याची इच्छा अनेक वडीलधाऱ्यांच्या मनात असते. जहांगीरने 1619 साली घडवलेली शालीमार बाग आणि तिच्या शेजारची निशात बाग ही ज्येष्ठांसाठी उत्तम, कारण बसायला सावली आणि ऐकायला पाणी दोन्ही असते. जेवणात मांसाची चिंता नसते. वाझवान मात्र जड. दादींसाठी साधा भात आणि हाक ही तिथली पालेभाजी सांगावी.

सहा जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. चिनाब नदीवरच्या 359 मीटर उंच पुलावरून ती जाते. घाटात बसचा त्रास होणाऱ्यांची मोठी सोय झाली. तरी महाराष्ट्रातून रेल्वेने जायचे तर दोन रात्री गाडीत जातात. जाऊन-येऊन दहा दिवस हवेत.

हाऊसबोट मुलांना फार आवडते. पण हलत्या शिकाऱ्यातून तिच्यावर चढणे गुडघे दुखणाऱ्यांना अवघड, आणि रांगणारे मूल असेल तर चारी बाजूंनी पाणी. अशा कुटुंबाने काठावरच्या हॉटेलात राहून शिकाऱ्यातून तासभर फिरून यावे. गुलमर्गचा गंडोला ऑनलाइन आधीच आरक्षित करावा. त्याचा दुसरा टप्पा सुमारे 3,900 मीटरपर्यंत नेतो. ज्येष्ठांनी पहिल्या टप्प्यावर समाधान मानावे.

पहलगामजवळ एप्रिल 2025 मध्ये झालेल्या हल्ल्यात 26 जणांचा जीव गेला. त्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती. म्हणून जाण्याआधी कोणती ठिकाणे खुली आहेत याची चौकशी करा आणि तिकिटे रद्द करता येतील अशीच घ्या.

दक्षिणेत उटी आणि कोडाईकनाल येथेही तलाव आहेत. तिथे स्वतःची गाडी नेणार असाल तर मे 2024 पासून लागू झालेला ई-पास आधी काढावा लागतो.

नमाज, जेवण, खोली

प्रवासात नमाज सोपी करून दिलेली आहे, हे मुलांना सांगण्याची ही चांगली संधी. हनफी मतानुसार सुमारे 78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. कोकणातली आपली बरीच कुटुंबे शाफई आहेत. त्यांच्याकडे अंतर साधारण 80 किलोमीटरच्या वर धरतात, मुक्कामाची मर्यादा चार दिवसांची आहे आणि जुहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे. महाडहून महाबळेश्वर सुमारे 60 किलोमीटर. तिथे नमाज पूर्णच पढायची. बारकावे निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारावेत.

किब्ल्याची दिशाही बदलते. महाराष्ट्रात ती पश्चिमेच्या थोडी उत्तरेला आहे, उटीत आणखी उत्तरेला, तर काश्मीरमध्ये पश्चिमेच्या थोडी दक्षिणेला. श्रीनगरात मे-जूनमध्ये फजरची वेळ चारच्याही आधी सुरू होते, हे गजर लावताना लक्षात ठेवा.

अनेक ठिकाणी बाजारातल्या मशिदीत स्त्रियांना नमाजची जागा नसते. म्हणून दुपारी खोलीवर परतता येईल इतक्या जवळच मुक्काम करावा. गरम पाणी, वुजूची सोय, दाराला नीट कडी आणि खिडकीला पडदा याची चौकशी आधीच करावी. बुकिंग करताना सगळ्यांची नावे सांगून, ओळखपत्रांच्या प्रती पाठवून लेखी होकार घ्यावा. रात्री दहा वाजता मुलाबाळांसह दारात वाद नको. हलाल मांसाची खात्री नसेल तिथे डाळ-भात, अंडी आणि फळे यांवर दोन-चार दिवस मजेत निघतात.

पाण्याशी खेळ नको

तीस जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली एक महिला आणि चार मुले वाहून गेली. काही क्षणांपूर्वी ते पाणी घोट्याइतके होते. डोंगरावर वर कुठेतरी पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की प्रवाहात उतरायचेच नाही, असा नियम घरातल्या मोठ्यांनी स्वतः पाळावा. मुले बघून शिकतात.

धरणाच्या जलाशयात काठ सोडल्यावर खोली एकदम वाढते आणि तळाला गाळ असतो. तिथे पोहू नये. नावेत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालावे. बुरखा किंवा साडी असेल तर जॅकेट वरून नीट बांधावे. नावेत जास्त माणसे भरत असतील तर पुढच्या नावेची वाट पाहावी.

एक शेवटची कसोटी

बुकिंगचे पैसे भरण्याआधी दादींना एवढेच विचारा : "आम्ही अशा ठिकाणी जातोय, जिथे तुम्हाला पायऱ्या नाहीत. येणार ना?" आणि अम्मीला विचारा : "तिथे गेल्यावर तुझ्या हातात काय काम उरेल?" पहिल्या प्रश्नाला "हो" आणि दुसऱ्याला "काही नाही" असे उत्तर आले, तर ते ठिकाण वेण्णाकाठी असो की दलच्या काठी, तुमची निवड बरोबर आहे. नसेल, तर नकाशा पुन्हा उघडा. मार्च अजून संपलेला नाही.