डेटाशीट खरी की पडद्यावरचे चित्र?

मायक्रोकंट्रोलरवर प्रयोग करणाऱ्याला एक अडचण केव्हा ना केव्हा येतेच. चिपची डेटाशीट एक सांगते आणि पिनांची मांडणी ठरवून देणारे सॉफ्टवेअर दुसरेच दाखवते. दोन्ही एकाच कंपनीची असतात. अशा वेळी विद्यार्थी गोंधळतो, आणि पुष्कळदा दोष त्याच्या सोल्डरिंगला दिला जातो. म्हणून हा झगडा कसा सोडवायचा ते एका उदाहरणाने पाहू.

'ब्लू पिल' या स्वस्त बोर्डामुळे परिचित झालेली एसटीएम३२एफ१०३सी८टी६ ही ४८ पायांची चिप घेऊ. तिच्या डेटाशीटमधील तक्त्यात पिनांचे 'रिसेटनंतरचे मुख्य कार्य' दिलेले असते. त्यानुसार पीए१३ आणि पीए१४ या पिना डीबगरसाठी, म्हणजे संगणकावरून चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्यासाठी व तो तपासण्यासाठी राखीव आहेत. क्यूबएमएक्स या सॉफ्टवेअरमध्ये मात्र नव्या प्रकल्पात त्याच दोन पिना मोकळ्या दिसतात.

विद्यार्थी चित्रावर विश्वास ठेवून पुढे जातो. प्रोग्रॅम पहिल्यांदा व्यवस्थित भरला जातो, दिवाही लुकलुकतो. दुसऱ्यांदा प्रोग्रॅम भरताना मात्र संगणकाला चिप सापडतच नाही. 'चिप जळली' असे म्हणून ती बाजूला टाकली जाते. खरे तर ती धडधाकट असते!

मग चूक कोणाची? तसे पाहिले तर कोणाचीच नाही. डेटाशीट रिसेटच्या क्षणाची स्थिती सांगते, तर सॉफ्टवेअर प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतरची. आपण डीबगचा पर्याय निवडला नाही, तर या सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या डीबगरची जोडणी बंद करणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालतात. रिसेटनंतर क्षणभर दार उघडे असते. ती ओळ चालली की ते बंद होते.

उपाय यातूनच सुचतो: ती ओळ चालूच द्यायची नाही. बूट-० चा जम्पर १ वर आणि बूट-१ चा ० वर ठेवून रिसेट दिला, की चिप आपला प्रोग्रॅम न चालवता कारखान्यात भरलेला बूटलोडर चालवते. मग डीबगर पुन्हा जोडता येतो. सॉफ्टवेअरमध्ये 'सिरियल वायर' हा पर्याय निवडून नवा प्रोग्रॅम भरावा आणि जम्पर पूर्ववत करावा.

दुसऱ्या प्रकारचा विरोध मौनातून येतो. पीसी१३ ही पिन चित्रात इतरांसारखीच दिसते. डेटाशीटची तळटीप मात्र बजावते, की तिने जास्तीत जास्त ३ मिलिअँपिअर प्रवाह आत घ्यावा आणि प्रवाह पुरवण्यासाठी तिचा वापर करू नये. चित्राने मनाई केली नाही, याचा अर्थ परवानगी दिली असा होत नाही.

अशा वेळी आम्ही पुढील क्रम पाळतो.

१. चिपचे पूर्ण नाव व बांधणी जुळते का ते पाहावे. एटीमेगा३२८पी या चिपची पीबी५ ही पिन २८ पायांच्या बांधणीत १९ व्या पायावर, तर ३२ पायांच्या चौकोनी टीक्यूएफपी बांधणीत १७ व्या पायावर असते.

२. दोन्ही विधाने एकाच वेळच्या स्थितीबद्दल आहेत का ते विचारावे.

३. सॉफ्टवेअरने प्रत्यक्षात लिहिलेला प्रोग्रॅम वाचावा.

४. कंपनीने चिपमधील ज्ञात दोषांचे पत्रक काढले असल्यास तेही पाहावे.

५. शेवटी पिन दोन-दोन सेकंद चालू-बंद करणारा छोटा प्रोग्रॅम चालवून मल्टिमीटर लावावा. वर सांगितलेल्या चिपमध्ये काटा सुमारे ३.३ व्होल्ट आणि शून्य यांमध्ये हलला, तर वाद मिटला.

ही पाचवी पायरी विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावी. दोन छापील प्रमाणे भांडू लागली, तर निवाडा वस्तूलाच विचारायचा असतो. विज्ञानाची ही रीत पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या एका पिनेवरून मुलांना लवकर कळेल.