वाफेच्या हवाई जहाजाचा जमाखर्च



मी शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें चित्रकलेच्या वहींत एक चित्र काढून आणलें होतें. विडीसारखा लांबट फुगा, त्याखालीं टांगलेली होडी, होडींत आगगाडीच्या इंजिनासारखें यंत्र आणि फुग्याच्या पोटाकडे रोखलेलें उंच धुराडें. मीं त्यावर तांबड्या शाईनें 'अशक्य' असा शेरा मारला. पुढें पुष्कळ वर्षांनीं आंरी जिफार या फ्रेंच यंत्रज्ञाची हकीकत माझ्या वाचनांत आली, आणि तो शेरा माझ्याच अंगावर उलटला.

अशीं काल्पनिक वाफेचीं जहाजें रचण्याचा छंद आज पुष्कळांस आहे. या कल्पनासृष्टीस १९८७ सालीं के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकारानें 'स्टीमपंक' असें नांव दिलें. माझ्या नातवासही हा नाद लागला आहे. त्याच्या पहिल्या आराखड्यांत तीन मजले, सहा धुराडीं आणि दोन तोफा होत्या! मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, कल्पना हवी तेवढी कर, परंतु आधीं वजनाची खातेवही उघड. त्या वहीचें पहिलें पान म्हणजे जिफारचें जहाज.

तें जहाज ४४ मीटर लांब, मध्यें १२ मीटर जाड व दोन्ही टोकांस निमुळतें होतें. त्यांत सुमारें २,५०० घनमीटर कोळशाचा वायु भरलेला होता. असा वायु घनमीटरामागें अदमासें पाऊण किलोच्या आंतबाहेर भार उचलतो, म्हणजे जमेच्या बाजूस साधारण पावणेदोन टन आले. आतां खर्च पाहा. कापड, त्यावरील जाळें, दोर, खालचा लांब आडवा वासा, वाशाच्या टोकास सुकाणूचें काम करणारें त्रिकोणी शीड, पाळणा, कोळसा, पाणी आणि स्वतः जिफार. शिवाय बॉयलर व यंत्र मिळून दीडशे किलोंहून अधिक. आणि एवढ्या ओझ्यांतून मिळालेली शक्ति अवघी तीन घोड्यांची! २४ सप्टेंबर १८५२ रोजीं पॅरिसहून निघून तो सुमारें २७ किलोमीटरांवर सुखरूप उतरला. शांत हवेंत त्याचा वेग ताशीं दहा किलोमीटरांच्या आसपास होता. जहाज वळत असे, परंतु त्या दिवशींच्या वाऱ्याविरुद्ध परत येणें त्यास साधलें नाहीं.

मग मोठें यंत्र कां बसविलें नाहीं, असें कोणीही विचारील, नातवानेंही विचारलें. येथेंच खरी मेख आहे. हवेंतून वेग दुप्पट करावयाचा, तर शक्ति आठपट लागते. तीन घोड्यांच्या जागीं चोवीस. घोड्यामागें पन्नास किलो धरले, तर नुसतें यंत्रच बाराशें किलो होतें. मग कापड कोण उचलणार आणि माणूस कोठें बसणार? यांतून सुटण्याचा एक मार्ग आहे. फुगा सर्व बाजूंनीं दुप्पट केला, तर कापड चौपट लागतें. परंतु वायु आठपट मावतो. म्हणून कल्पनेंतलें वाफेचें जहाज चिमुकलें असून भागत नाहीं, तें अवाढव्यच असावयास पाहिजे. जिफारनेंही पुढें ६०० मीटर लांबीच्या जहाजाचा आराखडा केला होता. वाफेच्या इंजिनास पाणी पुरविणाऱ्या 'इंजेक्टर'च्या शोधानें त्यास पैसाही मिळाला. परंतु दृष्टि अधू झाली आणि १८८२ सालीं त्यानें आपला अंत करून घेतला. तें जहाज कागदावरच राहिलें.

आणखी एक गोष्ट आराखडा करणारे हटकून विसरतात. कोळसा जळतो, पाणी वाफ होऊन निघून जातें. त्यामुळें जहाज घटकेघटकेस हलकें होऊन वर जाऊं लागतें, आणि तें आवरण्यासाठीं मोलाचा वायु सोडून द्यावा लागतो. वाफ थंड करून पुन्हां वापरावी म्हटलें, तर त्या यंत्राचें ओझें आलेंच.

राहिलें धुराडें. पेट घेणाऱ्या वायूखालीं विस्तव पेटवावयाचा, हें साहस खरेंच. जिफारनें बॉयलर फुग्यापासून पुष्कळ खालीं टांगला आणि धुराडें वर न नेतां खालच्या बाजूस वळविलें. ती वही आज हातीं असती, तर 'अशक्य' खोडून 'धुराडें खालीं वळव' एवढेंच मीं लिहिलें असतें.

नातवाची प्रतिकृति एक मीटर लांब व सव्वासत्तावीस सेंटिमीटर जाड झाली. फुग्यासाठीं पतंगाच्या कागदाच्या बारा पाकळ्या कापल्या. प्रत्येक पाकळी मध्यें सात सेंटिमीटरांहून किंचित् रुंद आणि चिकटविण्यासाठीं एका कडेस अर्धा सेंटिमीटर अधिक. पाकळीची कड सरळ रेषेंत निमुळती केली, तर फुग्यास मध्येंच कोपरा येतो. ती हळूहळू वळत गेली पाहिजे. आमच्या पहिल्या चार पाकळ्या याच चुकीपायीं केरांत गेल्या. वासा बांबूच्या कामटीचा, बॉयलर पुठ्ठ्याचा.

ही उडेल काय, याचाही हिशोब आम्हीं केला. आंत सुमारें २९ लिटर जागा. हायड्रोजन घरांत नकोच. हेलियम भरला, तर लिटरास एक ग्रॅम धरून २९ ग्रॅम जमा. कागद व खळ यांतच पंधरा ग्रॅम गेले. उरलेल्या चौदांत कामटी, दोरे, पंखा, शीड आणि बॉयलर बसवावयाचे! तराजूंत घातले, तेव्हां चाळीस भरले. नातवानें दोन्ही तोफा काढल्या, तिन्ही मजले काढले, सहा धुराड्यांचें एक केलें, तरी चाळीस. खालीं वळलेलें तें एक धुराडें मात्र त्यानें काढूं दिलें नाहीं. सध्यां जहाज आमच्या दिवाणखान्यांत छताच्या आंकड्यास दोऱ्यानें टांगलेलें आहे.