हिवाळी ट्रेकला निघण्याआधी उतार वाचायला शिका 🏔️

आपल्या उंद्रीत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याकडे, नाहीतर गारपिटीत. पण हिमालयातला हिवाळी ट्रेक बुक करणार असाल, तर एवढं वाचाच.

4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडच्या ‘द्रौपदी का डांडा-2’वर हिमस्खलनात 29 जण गेले. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. म्हणजे अनुभवी माणसालाही बर्फ सोडत नाही.

🔹 सर्वाधिक धोका 30 ते 45 अंशांच्या उतारावर. मोबाइलमधल्या अ‍ॅपने कोन मोजता येतो.
🔹 ताजी बर्फवृष्टी, जोराचा वारा, अचानक वाढलेलं ऊन: थांबा.
🔹 पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, बर्फाला लांब तडा गेला, तर आल्या पावली मागे फिरा.
🔹 धोक्याचा उतार एकेकाने ओलांडा. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा.
🔹 प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवंच. गाडलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत काढलं तर वाचण्याची आशा मोठी. मदत येईपर्यंत उशीर होतो.

चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ट्रेकवाल्याला पैसे भरण्याआधी विचारा, “इशारा बघता का? ट्रान्सीव्हर देता का?” उत्तर गुळमुळीत आलं, तर बुकिंग करू नका.